बाबांच्या पत्त्यात सेक्टर आला

पाम बीच रोडवर बीच नाही. हे मी आधीच सांगून टाकते, कारण माझी आई भिलाईहून येताना नातीसाठी वाळूत खेळायची बादली आणि छोटं फावडं घेऊन आली होती. मुलीचं घर मुंबईजवळ, समुद्राच्या बाजूला, म्हणजे संध्याकाळी वाळू असणारच असा तिचा हिशोब. नेरुळच्या रस्त्याला नाव बीचचं असलं तरी त्याच्या पलीकडे खाडी आहे. खाडी म्हणजे चिखल, खारफुटी आणि भरती-ओहोटीप्रमाणे रंग बदलणारं पाणी. आईने पहिल्या दिवशी हे सगळं बघितलं आणि बादली गुपचूप बाल्कनीत ठेवून दिली.

नेरुळमध्ये मी, माझी ताई, भावजी आणि पाच वर्षांची भाची असे चौघं राहतो. मी मूळची हथखोजची. हे नाव तुम्ही ऐकलं नसेल तर काही बिघडत नाही, भिलाईबाहेर ते फारसं कोणी ऐकलेलं नाही. तो भिलाईचा कारखान्यांचा भाग. शेड, क्रेन, लोखंडाने भरलेले ट्रेलर आणि रात्री दूरवरून येणारा मालगाड्यांचा आवाज. बाबा तिथल्या एका फॅब्रिकेशनच्या कारखान्यात पस्तीस वर्षं कामाला होते. आमचे आजोबा नागपूरकडून कामासाठी आले आणि तिथलेच झाले. त्यामुळे आमचं मराठी थोडं वऱ्हाडी, थोडं हिंदी आणि मध्येच छत्तीसगढी असं आहे. मी नेरुळमध्ये पहिल्यांदा "जेवून राहिली" म्हटलं तेव्हा सोसायटीतल्या एका काकूंनी प्रेमाने विचारलं होतं, "अजून जेवतेयस का गं?"

भिलाईत लहानपण गेलेल्या माणसाला एक गोष्ट समजावून सांगावी लागत नाही, ती म्हणजे टाउनशिप. रशियाच्या मदतीने पोलाद कारखाना उभा राहिला, 4 फेब्रुवारी 1959 ला राष्ट्रपती राजेंद्र प्रसादांच्या हस्ते पहिल्या भट्टीचं उद्घाटन झालं आणि कारखान्याबरोबर कामगारांसाठी सेक्टरही वसले. सेक्टरात शाळा, बाजार, मैदान, रुंद रस्ते, दोन्ही बाजूंना झाडं. पण ते सगळं मोठ्या कारखान्यात नोकरी असणाऱ्यांसाठी. बाबा खासगी वर्कशॉपमध्ये होते. आम्ही मैत्री बाग बघायला किंवा सिव्हिक सेंटरला आईस्क्रीम खायला टाउनशिपमध्ये जायचो आणि संध्याकाळी धुळीतून हथखोजला परत यायचो. बाबा स्कूटर चालवताना कधीकधी म्हणायचे, "सेक्टर में घर हो तो बच्चों की स्कूल पैदल." तक्रार म्हणून नाही, अंतर मोजल्यासारखं.

गेल्या हिवाळ्यात बाबांच्या छातीत दुखलं आणि रायपूरला अँजिओप्लास्टी करावी लागली. ताई आणि मी, दोघी अकराशे किलोमीटर लांब. त्या रात्री आम्हाला पोचायला काय काय करावं लागलं ते सांगत नाही, लांब राहणाऱ्या प्रत्येक घराला ते माहीत असतं. परत आल्यावर आम्ही ठरवलं की आता आई-बाबांना कायमचं इकडे आणायचं. हथखोजच्या घराला गिऱ्हाईकही मिळालं. त्या पैशात नेरुळमध्ये फार तर एखादी खोली आली असती, पण भाड्याचं मोठं घर घेऊन सगळ्यांनी एकत्र राहता आलं असतं. आई लगेच तयार झाली. बाबांनी गिऱ्हाइकाकडून दसऱ्यापर्यंतची मुदत घेतली आणि आम्हाला म्हणाले, "एक पावसाळा काढून बघतो. मग सांगतो."

तेव्हा आम्ही दोघी चिडलो होतो. आज वाटतं, लहान मुलं किंवा म्हातारी माणसं घेऊन कुठेही राहायला जाणाऱ्या कुटुंबाने हेच करावं. विशेषतः समुद्राजवळ. घर उन्हाळ्यात बघतात सगळे.

मे महिन्याच्या सुरुवातीला ते दोघं गीतांजलीने आले. दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा फिरायला गेले ते दीड तासाने परतले आणि दारातच म्हणाले, "इथे तर सेक्टर आहेत."

आहेतच. मुंबईवरचा भार कमी करायला खाडीपलीकडे नवं शहर वसवावं, ही कल्पना चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी 1965 मध्ये मांडली. 1970 मध्ये त्यासाठी सिडको स्थापन झाली. एकच मोठं शहर न करता वाशी, नेरुळ, बेलापूर असे वेगवेगळे भाग, ज्यांना इथे नोड म्हणतात, आणि प्रत्येक नोडमध्ये सेक्टर. शाळा, बाजार, बाग जवळ. रेल्वे 1992 मध्ये वाशीपर्यंत आली आणि मग पुढे सरकली. आज नेरुळ स्टेशनावरून सीएसएमटी, पनवेल, ठाणे आणि उरण अशा चारही बाजूंना लोकल मिळते. आमच्या भाचीची शाळा चालत आठ मिनिटांवर आहे. बाबांनी पहिल्या आठवड्यात तिला सोडायचं काम स्वतःकडे घेतलं आणि वाटेत वॉचमन, भाजीवाला, इस्त्रीवाला, सगळ्यांना सांगून झालं की आपण भिलाईचे.

गॅस एजन्सीच्या फॉर्मवर पत्ता लिहायची वेळ आली तेव्हा त्यांनी पेन मागून घेतलं आणि 'सेक्टर' हा शब्द जरा मोठ्या अक्षरात लिहिला. मी बघितलं, पण काही बोलले नाही.

बेलापूरचं आर्टिस्ट्स व्हिलेज बघायलाही आम्ही त्यांना नेलं. कोरियांनी 1980 च्या दशकात वसवलेली ती वस्ती. सात घरं एका छोट्या अंगणाभोवती, अशी तीन अंगणं मिळून एकवीस घरांचं मोठं अंगण. प्रत्येक घर सुटं, भिंतीला भिंत नाही, म्हणजे पुढे कुटुंब वाढलं तर आपापलं घर वाढवता यावं. लोकांनी ती इतकी वाढवली आहेत की मूळ घर शोधावं लागतं. मला जरा वाईट वाटलं. बाबा मात्र खूष. "ज्याला राहायचं आहे तो बदलणारच," म्हणाले.

पण एक गोष्ट त्यांना टाउनशिपपेक्षा वेगळी दिसली. इथे सेक्टरच्या मधेच गाव लागतं. सरळ रस्ता अचानक अरुंद होतो, देऊळ येतं, दारात जाळी वाळत असते. नेरुळ, सारसोळे, करावे, शिरवणे ही आगरी-कोळ्यांची गावं शहराच्या कितीतरी आधीची. नवी मुंबईसाठी 95 गावांची जमीन घेतली गेली. योग्य मोबदल्यासाठी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली आंदोलन झालं, जानेवारी 1984 मध्ये गोळीबारात पाच जण गेले आणि त्यातून पुढे विकसित जमिनीतला साडेबारा टक्के वाटा परत देण्याची योजना आली. आमच्या मासेवाल्या मावशींनी हे सगळं आईला पापलेट साफ करता करता सांगितलं. आईला रोहू आणि कतला सोडून मासा माहीत नव्हता. बोंबील पहिल्यांदा हातात घेतला तेव्हा ती म्हणाली, "हा पिघलून चालला." आता ती मावशींशी भाव करते आणि हरते. तिची गरज नसताना सोसायटीच्या भजनी मंडळात नोंदणी झाली, हळदी-कुंकवाच्या याद्यांमध्ये नाव गेलं. हथखोजला आमच्या गल्लीत मराठी घरं दोन. इथे जिन्यात मराठी ऐकू येतं याचंच तिला इतकं वाटायचं की ती दार उघडं ठेवून पोळ्या करायची.

मेच्या मध्यापर्यंत फ्लेमिंगोही होते. भाचीने आजोबांना तलावाकडे ओढत नेलं, पण एकही पक्षी नाही. दुसऱ्या दिवशी वेगळ्या वेळी गेले तर शेकडो. तिथल्या एका फोटो काढणाऱ्या मुलाने सांगितलं की ओहोटीला हे पक्षी ठाण्याच्या खाडीतल्या चिखलात खायला जातात. भरती आली, चिखल पाण्याखाली गेला, की विसाव्याला इकडच्या पाणथळ जागांवर येतात. म्हणजे फ्लेमिंगो बघायचे तर घड्याळापेक्षा भरतीची वेळ बघायची. बाबांनी त्या दिवशी मोबाईलवर भरतीचं वेळापत्रक शोधून घेतलं. भरती रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा येते, अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास सगळ्यात मोठी, हे त्यांनी भाचीला शिकवलं आणि तिने शाळेत बाईंना.

मग पाऊस सुरू झाला.

हथखोजला पाऊस पडतो आणि वाहून जातो, किंवा साचतो आणि सुकतो. इथे जुलैतल्या एका दिवशी सकाळपासून जो लागला तो थांबेना. त्यात दुपारी मोठी भरती. ताई मुंबईत ऑफिसात अडकलेली, लोकल बंद. मी शाळेतून भाचीला आणलं तेव्हा रस्त्यावर घोट्याच्या वर पाणी होतं. 26 जुलै 2005 ची गोष्ट इथे प्रत्येक घरात सांगतात. सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस आणि वर भरती. आई देवापुढे बसली. बाबा खिडकीत उभे. त्यांचा एकच प्रश्न, "हे पाणी जाणार कुठे? समुद्र तर वर आलाय."

उत्तर तळमजल्यावरच्या काकांनी दिलं. ते आयुष्यभर बांधकाम खात्यात होते. नवी मुंबईचा बराच भाग खाडीकाठच्या सखल जमिनीवर भराव टाकून वसवलेला. भरतीच्या वेळी खाडीची पातळी नाल्यांपेक्षा वर जाते, तेव्हा नाला उघडा ठेवला तर खाडीच आत येईल. म्हणून खाडीच्या आधी मोठे तलाव केले, धारण तलाव. पावसाचं पाणी आधी तिथे जमतं. तलाव आणि खाडी यांच्यामध्ये झडपा असतात, एकाच दिशेने उघडणाऱ्या. भरतीला बाहेरच्या पाण्याच्या दाबाने झडप आपोआप बंद होते. ओहोटी लागली की आतलं पाणी तिला ढकलून बाहेर पडतं. वीज नको, माणूस नको. ज्वेल ऑफ नवी मुंबई म्हणून जिथे आपण सकाळी फिरायला जातो ते तळं असंच एक धारण तलाव आहे. मी दोन वर्षं त्याच्याभोवती चालले, कानात गाणी लावून. मला हे माहीत नव्हतं.

बाबांचा चेहरा बघण्यासारखा होता. "बिजागरी वर असेल," ते म्हणाले. "प्लेट स्वतःच्या वजनाने मिटली पाहिजे. आणि गंज? खाऱ्या पाण्यात लोखंड किती टिकणार?" काका आणि बाबा दोन तास त्या झडपेवर बोलले. गाळ साचतो, तलावांत खारफुटी वाढली आहे, खारफुटीला कायद्याचं संरक्षण आहे म्हणून ती सहज काढता येत नाही, आणि न काढली तर तलावाची पाणी धरायची ताकद कमी होते, हेही काकांनी सांगितलं. संध्याकाळी ओहोटी लागली. साडेसातच्या सुमारास आमच्या रस्त्यावरचं पाणी उतरू लागलं आणि बाबा म्हणाले, "खुली."

ताई रात्री साडेबाराला घरी आली.

तुम्ही अशा भागात घर बघत असाल तर एजंटला बाग किती जवळ आहे ते विचारा, पण त्याच्या आधी शेजाऱ्यांना विचारा की मोठ्या पावसात भरती असते तेव्हा गेटपाशी पाणी कुठवर येतं. पायऱ्या मोजा. घरातलं कोणी रोज लोकलने जाणार असेल तर तिच्या अडकण्याच्या दिवशी मुलांना शाळेतून कोण आणणार, हे आधीच ठरवून ठेवा. आमच्याकडे त्या दिवशी मी होते. नसते तर, ह्याचं उत्तर ताई-भावजींकडे नव्हतं.

मला वाटलं होतं, त्या दिवसानंतर बाबा इथेच राहायचं म्हणतील. सप्टेंबरमध्ये ते म्हणाले की घर विकायचं नाही.

पहिल्यांदाच मी आईला बाबांवर आवाज चढवताना ऐकलं. "तुमच्या छातीत पुन्हा दुखलं तर मी तिथे एकटी काय करू?" ती म्हणाली. बाबा गप्प. मग हळूहळू कारणं बाहेर आली. भाड्याचं घर अकरा महिन्यांचं, मालकाने नको म्हटलं की उठा. आमची इमारत पुनर्विकासाला जाणार अशी चर्चा आहे, मग आणखी कुठे. आणि दुपारी, भाची शाळेत, आम्ही कामावर, तेव्हा त्यांनी कुठे जायचं? हथखोजला त्यांचे जुने सोबती चार वाजता चहाच्या टपरीवर येतात, कोणाच्या शेडमध्ये वेल्डिंग फसलं की बाबांना बोलावतात. "इथे सगळं चांगलं आहे," ते म्हणाले. "पण इथे मला कोणी काही विचारत नाही. त्या एका दिवसाशिवाय."

ह्यावर आम्हाला काही बोलता आलं नाही.

दसऱ्यानंतर भावजी बाबांना दुर्गपर्यंत सोडून आले. गिऱ्हाइकाला नाही सांगितलं. मागची खोली एका तरुण जोडप्याला भाड्याने दिली आहे, रात्री-अपरात्री हाक मारायला कोणी तरी असावं ही आईची अट. आई इथेच आहे, निदान संक्रांतीपर्यंत, नंतरचं दोघांनी ठरवलेलं नाही. मार्चपासून भिलाई तापते, तेव्हा बाबा येतील असं आम्ही धरून चाललो आहोत. बादली बाल्कनीतच आहे, तिच्यात आता तुळशीची रोपं आहेत.

बाबांचा रोज रात्री फोन येतो. परवा त्यांनी आधी भाचीची चौकशी केली, मग विचारलं, "आज भरती किती वाजता?" मी बघून सांगितलं, अकरा बावीस.

"मग अजून थोडा वेळ खुली असेल," ते म्हणाले, आणि फोन आईकडे द्यायला सांगितला.