पाचशेला भागून झाल्यावर

टाइप १ मधुमेहात जेवणाआधी किती युनिट इन्शुलिन घ्यायचं, याचं उत्तर आपल्याकडे बहुतेक वेळा प्रिस्क्रिप्शनवरच छापलेलं असतं: सकाळी ६, दुपारी ८, रात्री ८. आकडा ठरलेला, ताट मात्र रोज बदलणारं. आज दोन पोळ्या, उद्या मसालेभात, परवा कुणाकडे तरी पुरणपोळी. मग चार तासांनी साखर ६० किंवा २८० निघाली की बोल पेशंटला लागतो, ‘पथ्य पाळत नाही’ म्हणून. ठरीव डोसातही ताटाचा एक अंदाज गृहीत धरलेला असतोच. फक्त तो कुणी बोलून दाखवत नाही. हा अंदाज उघड करण्याचं साधन म्हणजे इन्शुलिन-कर्बोदक गुणोत्तर, अर्थात एका युनिटमागे किती ग्रॅम कर्बोदकं खाता येतात तो आकडा.

हा आकडा काढायला ५०० चा नियम सर्रास सांगितला जातो. बेसल (दिवसभराचं पायाभूत) आणि जेवणाचं मिळून दिवसाचं एकूण इन्शुलिन धरायचं आणि ५०० ला त्याने भागायचं. दिवसाला ४० युनिट लागत असतील तर उत्तर येतं १२.५ ग्रॅम. माझी तक्रार नियमाबद्दल नाही, भागाकार झाला की काम संपलं असं मानण्याबद्दल आहे. हा मोठ्या माणसांच्या सरासरीवरून बांधलेला ठोकताळा आहे आणि तो दिवसभराला एकच आकडा देतो. शरीर तसं चालत नाही. पहाटे कॉर्टिसॉल आणि वाढीचं संप्रेरक चढलेलं असतं, त्यामुळे नाश्त्याला तेवढ्याच कर्बोदकांसाठी जास्त इन्शुलिन लागतं. सकाळी युनिटमागे ९ ग्रॅम आणि रात्री १४, असा फरक एकाच माणसात दिसला तर नवल नाही. लहान मुलांच्या नाश्त्याला तर ५०० चा नियम हमखास तोकडा पडतो.

म्हणून आलेलं उत्तर प्रत्येक जेवणाला वेगळं तपासावं लागतं. आधी बेसल डोस बसलेला हवा. तो चुकला असेल तर त्याचा दोष गुणोत्तराच्या माथी जातो. मग साखर साधारण १०० ते १५० च्या दरम्यान असताना, आधीच्या चार तासांत जेवणाचं इन्शुलिन घेतलेलं नसताना, वजन माहीत असलेलं कमी तेलातुपाचं जेवण घ्यायचं. दोन तासांनी साखर थोडी चढलेली दिसेल, ते चालतं. चार तासांनी ती मूळ आकड्याच्या ३० अलीकडे-पलीकडे आली तर गुणोत्तर बसलं. मध्येच ७० च्या खाली गेली तर चाचणी तिथेच सोडून १५ ग्रॅम साखर घ्यायची. दोन-तीन दिवस एकाच दिशेने चूक दिसली तरच डॉक्टरांशी बोलून आकडा १०-२० टक्क्यांनी हलवायचा. एका दिवसाच्या आकड्यावर काहीही बदलू नये.

यावर पहिला आक्षेप येतो तो आपल्या जेवणाचा. पाव-बिस्किटांच्या पुड्यावर ग्रॅम छापलेले असतात, वरण-भाताचं काय? मला हा आक्षेप आळसाचा वाटतो. ३०० ग्रॅम कणकेच्या १० पोळ्या होत असतील तर एका पोळीत ३० ग्रॅम कणीक, म्हणजे सुमारे २० ग्रॅम कर्बोदकं. एकदा वजन केलं की पुढे फक्त पोळ्या मोजायच्या. ६० ग्रॅम पिठाच्या ज्वारीच्या भाकरीत ४० ग्रॅम भरतात, म्हणजे ‘भाकरी चालते’ म्हणणाऱ्याने ती दोन पोळ्यांइतकी धरावी. शिजलेल्या भाताच्या १०० ग्रॅममध्ये २८ च्या आसपास. (साबुदाण्याची खिचडी खाऊन ‘आज उपवास’ म्हणणाऱ्यांबद्दल न बोललेलंच बरं.) शिवाय अचूकतेचा बाऊ करायचं कारण नाही: ऑस्ट्रेलियात मुलांवर झालेल्या अभ्यासांत ६० ग्रॅमच्या जेवणात १० ग्रॅमची चूक साखरेने पचवली, २० ग्रॅमची मात्र नाही.

दुसरा आक्षेप गंभीर आहे. पेशंटच्या हाती हिशेब दिला तर तो चुकेल आणि साखर धोकादायक उतरेल. ब्रिटनमधल्या डॅफ्ने चाचणीत नेमकं हेच पाहिलं गेलं. १६९ प्रौढांपैकी काहींना लगेच, तर काहींना नंतर जेवणाप्रमाणे डोस ठरवायला शिकवलं. २००२ मध्ये आलेल्या निष्कर्षांत, सहा महिन्यांनी शिकलेल्यांचं एचबीए१सी (गेल्या काही महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा) ८.४ होतं, शिकायची वाट पाहणाऱ्यांचं ९.४; आणि साखर गंभीररीत्या उतरण्याचं प्रमाण वाढलं नाही. अर्थात, त्यांना पाच दिवस नीट शिकवलं होतं. कागदावर ‘१:१२’ लिहून घरी पाठवलं नव्हतं. आपल्याकडे अडतं ते इथे.

तिसरा आक्षेप, की मग काय वाटेल ते खायचं? नाही. वाढीव कर्बोदकं वाढीव इन्शुलिनने झाकली की वजन वाढतं. आणि गुणोत्तराला तेलतूप दिसत नाही. चकली-चिवड्यातलं तेल पोट रिकामं व्हायला वेळ लावतं. दोन तासांची साखर छान येते आणि पाचव्या तासाला चढते. तेव्हा गुणोत्तराची चाचणी दिवाळीच्या आठवड्यात करू नये. ३०/७० सारखं मिश्र इन्शुलिन घेणाऱ्यांना तर हे गणित लागूच नाही, त्यांना ताटच ठरीव ठेवावं लागेल.

दिवाळीत चाचणी नको, पण मोजमाप शिकायला फराळासारखी संधी नाही. अर्धा किलो बेसन, अर्धा किलो पिठीसाखर, तूप, आणि लाडू झाले ३०. बेसनात निम्मी कर्बोदकं धरली तर एकूण ७५०, म्हणजे लाडवामागे २५ ग्रॅम. घरात कुणी टाइप १ असेल तर यंदा घाण्याचं वजन आणि नगांची संख्या डब्याच्या झाकणावर लिहून चिकटवा.