अक्का, वाळवंटात राहायला ये

प्रिय अक्का,

परवा फोनवर दाजी म्हणाले, "आटपाडीत जन्म काढलेल्या माणसानं वाळवंट बघायला अमेरिकेला कशाला यायचं?" फोनवर मला नीट उत्तर देता आलं नाही, म्हणून हे पत्र. वाचून झालं की त्यांनाही दे. मला वाटतं, ज्यांनी दुष्काळ अंगावर काढलाय त्यांनाच वाळवंट खरं दिसतं. पाणी कुठून येतं, मुळं किती खोल जातात, कोणती जमीन कुणाच्या नशिबानं हिरवी झाली, हे आपल्या डोळ्यांना कुणी न सांगता दिसायला लागतं. फक्त त्यासाठी तिथं चार दिवस राहायला हवं. गाडीच्या काचेतून ते दिसत नाही.

राहायची सोय कशी झाली ते आधी सांगते, कारण तुमचाही त्याच्याशी संबंध आहे. टाहो तलावाजवळच्या एका रिसॉर्टमध्ये माझा आणि सुहासचा वर्षातला एक आठवडा आहे. तो तिथंच घालवायला हवा असं नाही. अदलाबदल करून देणाऱ्या कंपनीकडं आपला आठवडा जमा करायचा आणि दुसऱ्या कुणीतरी जमा केलेला, दुसऱ्या गावातला आठवडा मागायचा. हा व्यवहार जुना आहे. आरसीआय १९७४ साली सुरू झाली आणि इंटरव्हल इंटरनॅशनल १९७६ साली. आपल्या आठवड्याचं मोल जागा, हंगाम, घराचा आकार आणि तो किती आधी जमा केला यावर ठरतं. आमचा बर्फाच्या हंगामातला होता आणि आम्ही तो बराच आधी जमा केला, म्हणून वाळवंटातल्या पाम डेझर्ट गावचा मार्चमधला आठवडा मिळाला. मार्च हा तिथला ऐन हंगाम. जुलै-ऑगस्टमधला आठवडा मागितल्याबरोबर मिळतो, पण तेव्हा पारा पंचेचाळीसच्या वरही जातो. त्याच्या मोहात पडायचं नाही.

तुमच्या हॉलिडे क्लबचं मी म्हणूनच विचारते आहे. भारतातल्या मोठ्या क्लबांचे अशा कंपन्यांशी करार असतात. तुमच्या क्लबचा आहे का, अदलाबदलीची फी किती, आधीचे न वापरलेले दिवस जमा करता येतील का, हे लेखी विचार. तोंडी उत्तर घेऊ नकोस. देखभालीचे पैसे दरवर्षी भरायचे आणि डाळिंबाच्या बागेच्या कामामुळं कुठं जायचं नाही, याचं दाजींना वाईट वाटतं ते मला ठाऊक आहे. ते दिवस इथं सार्थकी लागतील.

आता रस्ता. आमच्या फ्रीमाँटहून पाम डेझर्ट आम्ही गेलो त्या वाटेनं नऊशेवर किलोमीटर पडतं. बहुतेक जण लॉस एंजेलिसवरून जातात. आम्ही ते शहर मुद्दाम टाळलं. बेकर्सफील्डपर्यंत बदाम, द्राक्षं आणि ट्रक एवढंच. तिथून रस्ता तेहाचापीचा घाट चढतो. १८७६ साली बांधलेली रेल्वे या घाटात चढ काढण्यासाठी पूर्ण वेटोळं घेते आणि लांब मालगाडी असली तर तिचं इंजिन स्वतःच्याच डब्यांवरून जातं. ती वाट बहुतांशी चिनी मजुरांनी खोदली. घाट उतरला की हिरवळ संपते. पुढं बोरॉनजवळ टाकणखाराची प्रचंड उघडी खाण आहे. तू सोनारकाकांच्या भट्टीजवळ पुडीत बघितलेला टाकणखार इथं डोंगरानं निघतो.

मुक्काम बार्स्टोला केला. इथं एक नियम पक्का ठेवायचा: पेट्रोलची टाकी भरल्याशिवाय आणि माणशी दिवसाला चार लिटर पाणी गाडीत असल्याशिवाय पुढं निघायचं नाही. फोनवर विसंबायचं नाही, कारण मैलोन् मैल सिग्नल नसतो. आम्ही नकाशा छापून घेतला होता.

लडलोपाशी मोठा रस्ता सोडला आणि जुन्या रूट ६६ वर आलो. हा रस्ता १९२६ चा. अँबॉय नावाचं गाव त्याच्यावर जगत होतं. पेट्रोलपंप, कॅफे, मोटेल सगळं होतं. १९७३ साली उत्तरेकडून नवा महामार्ग गेला आणि गाव ओस पडलं. रॉईज नावाची उंच पाटी अजून उभी आहे. पलीकडं ब्रिस्टल हे कोरडं तळं लागतं. त्यात चर खणून खारं पाणी साठवतात, उन्हात आटवतात आणि क्षार काढतात. पांढऱ्याफटक जमिनीत ते निळसर-हिरवे चर लांबवर गेलेले दिसतात. तिथं गाडी बंद करून आम्ही उतरलो. एवढी शांतता मी आपल्या माळावरसुद्धा अनुभवली नाही. तिथं निदान एखादी शेळी तरी ओरडते.

जोशुआ ट्री राष्ट्रीय उद्यानात दोन वाळवंटं एकमेकांना भेटतात. उत्तरेचं मोहावी उंचावर आणि थंड, दक्षिणेचं कोलोरॅडो खाली आणि तापट. ज्या झाडावरून उद्यानाचं नाव पडलं ते वरच्या भागात वाढतं. त्याच्या फुलात परागण करणारा एकच जातीचा छोटा पतंग आहे. मादी पराग गोळा करून दुसऱ्या फुलात स्वतः नेऊन भरते आणि तिथंच अंडी घालते. अळ्या थोडं बी खातात, उरलेलं झाडाला. झाड नसेल तर पतंग नाही आणि पतंग नसेल तर बी नाही.

पण अक्का, मी अडकून पडले ती दुसऱ्याच झाडांपाशी. आपल्या बांधावरचं घायपात आठवतं ना? ज्याच्या वाखाचे दोर आप्पा वळायचे? ते मूळ अमेरिकेचं. फड्या निवडुंगही इकडचाच. आणि जिला आपण शिव्या देतो, जिनं ओढे-नाले गिळले, ती वेडी बाभूळही समुद्रापलीकडून आपल्याकडं आणलेली. इथं तिची सख्खी बहीण, मेस्किट, आपल्या मूळ जागी उभी आहे. इथं ती कुणाला वेडी वाटत नाही. काउईया हे पाम डेझर्टच्या दरीतले मूळ लोक तिच्या गोड शेंगा कुटून पीठ करत आणि वर्षभर पुरवत. रानातल्या घायपाताचा गड्डा ते खड्ड्यात भाजून खात. ॲरिझोनातल्या एका खाणीत मेस्किटची मुळं पन्नास मीटरपेक्षा खोल सापडली होती. मी त्या झाडाखाली उभी राहून शेंग चावून बघितली आणि मला आपल्या शेळ्या आठवल्या. आपल्याकडं जे उपद्रव म्हणून वाढलं त्याला इथं घर आहे, भूक आहे, उपयोग आहे. हे तू बघावंस असं मला फार वाटतं.

उद्यानातच बार्कर डॅम म्हणून एक छोटा बंधारा आहे. साधारण १९०० च्या सुमाराला गुरं पाळणाऱ्यांनी खडकांच्या फटीत भिंत घालून पावसाचं पाणी अडवलं. आपल्या ओढ्यावरच्या बंधाऱ्याएवढाच.

मग दरीत उतरलो आणि आठवडाभराचं घर मिळालं. घरच म्हणते. दोन खोल्या, कपडे धुवायचं मशीन, आणि शेगडी-फ्रिजसकट पूर्ण स्वयंपाकघर. मी कुकर, तवा आणि ज्वारीचं पीठ बरोबर नेलं होतं. पहाटे पाचला उठायचं, भाकरी-पिठलं बांधून घ्यायचं, उन्हं चढायच्या आत फिरून यायचं. दुपारी पडदे ओढून पडायचं आणि संध्याकाळी पुन्हा निघायचं. उन्हाळ्यात आई आपल्याला असंच ठेवायची. हॉटेलात दोन रात्री काढणाऱ्याला ही लय सापडत नाही. त्याला दुपारीच सगळं उरकावं लागतं आणि दुपारी वाळवंटात काहीच दिसत नाही. पोचल्या-पोचल्या एक मुलगी गोड बोलून "सदस्यांच्या बैठकीला" बोलावते. ती विक्रीची बैठक असते. सरळ नको म्हणायचं, दाजींनाही म्हणायला लावायचं.

पश्चिमेला सॅन जसिंटो डोंगर ३,३०२ मीटर उंच आहे. पॅसिफिकवरून आलेले ढग त्याच्या पलीकडच्या अंगाला रिकामे होतात आणि या दरीत वर्षाला जेमतेम शंभर मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. सह्याद्री आपल्याशी हेच करतो. महाबळेश्वरला पाच हजारांवर मिलिमीटर आणि आपल्याकडं चारशे-पाचशे, तेही आले तर. शाळेत पर्जन्यछाया पाठ केली होती. ती डोळ्यांनी बघितली मात्र इथं: डोंगराच्या माथ्यावर बर्फ आणि पायथ्याला तापलेली वाळू.

या कोरड्या दरीत काउईया लोक विहिरी खणायचे. उतरत्या वाटेच्या, पायी खाली जाऊन घागर भरता येईल अशा. आपल्या पायविहिरींचंच हे रूप. शेजारच्या इंडियन वेल्स गावाचं नाव त्यांच्यावरूनच पडलं. थोड्या अंतरावर थाउजंड पाम्सच्या राखीव वनात या भागातली मूळची ताडाची झाडं ओळीनं उभी आहेत. ओळ कशी आली? सॅन अँड्रियास भ्रंश तिथून जातो. भ्रंशात चिरडलेल्या खडकामुळं भूजल अडतं आणि वर येतं. ज्या भेगेचं भूकंपासाठी सारं कॅलिफोर्निया भय धरून आहे तिनंच ही सावली दिली आहे.

आणि याच दरीत शंभरावर गोल्फची मैदानं आहेत. खूप हिरवी, खूप सुंदर, आणि मला ती बघवली नाहीत. काही पाणी जमिनीतून उपसतात, काही कोलोरॅडो नदीचं, सुमारे दोनशे किलोमीटरच्या कालव्यातून येतं. ती नदी तिच्यावरच्या मागणीला आता पुरत नाही. टँकरच्या रांगेत उभं राहिलेल्या बाईला अशी हिरवळ बघून काय वाटतं ते तुला वेगळं सांगायला नको. टेंभू योजनेचं पाणी आपल्या तालुक्यात आलं तेव्हा तू फोनवर रडली होतीस. कोलोरॅडोच्या त्याच कालव्याचं पाणी इथं शेतालाही जातं, आणि तिथं गेलेलं मला पटतं.

दाजींसाठी खरी गोष्ट तिथंच आहे. इंडिओच्या आसपास खजुराच्या बागा आहेत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकी शेती खात्यानं अल्जीरिया, इराकमधून फुटवे आणवले. मेडजूल जातीची कथा तर त्यांनी ऐकायलाच हवी. मोरोक्कोत त्या जातीवर मर रोग आला. १९२७ साली तिथून अकरा फुटवे इकडं आणले, रोग पसरू नये म्हणून नेवाडात अलग लावले, त्यातले नऊ जगले आणि १९३०च्या दशकात ही जात या दरीत आली. तेल्या रोगापायी बाग उपटून टाकताना दाजी गप्प बसले होते, ते मी विसरलेले नाही. नऊ फुटव्यांतून एवढ्या बागा उभ्या राहिल्या हे त्यांना दाखवायचं आहे मला. मार्चमध्ये परागणाचं काम चालू असतं. नर झाडाचा पराग गोळा करून मजूर शिडीवर चढतात आणि प्रत्येक मादी झाडाच्या फुलोऱ्यात तो हातानं सोडतात. एक नर पन्नासएक माद्यांना पुरतो. पुढं घड पिकायला लागले की त्यांना पिशव्या घालतात, पाऊस आणि पाखरांपासून राखायला. आम्ही एका बागेत उभे होतो तेव्हा वरून एका मेक्सिकन मजुरानं हात हलवला. सुहास म्हणाला, दाजी असते तर आतापर्यंत शिडी चढले असते.

तेव्हा ठरवू या. मृगाच्या बहाराचा माल जानेवारीपर्यंत उतरतो, झाडं विश्रांतीवर जातात. फेब्रुवारीच्या शेवटी आलात तर मार्चचा आठवडा धरता येईल. पण मागणी आत्ताच नोंदवावी लागेल आणि तारखा सैल ठेवाव्या लागतील. एकच तारीख धरून बसलं तर ऐन हंगामात काही मिळत नाही. तुमच्या क्लबाकडून जमलं नाही तर आमचा पुढचा आठवडा मी जमा करते. व्हिसाच्या मुलाखतीला तारीख मिळायला वेळ लागतो, म्हणून ते काम सगळ्यात आधी. पासपोर्टची मुदत बघून मला कळव. ज्वारीचं पीठ आणायचं ओझं करू नकोस, इथं मिळतं. शेंगदाण्याची चटणी मात्र तुझ्याच हातची आण, भरपूर.

तुझी,
शालन