मुठीच्या आतला गंज

शिवडी, मुंबई

चि. भाच्यास,


जपानी कताना तलवार ऑनलाइन मागवायचा तुझा बेत ताईकडून कळला. पैसे भरण्याआधी एवढं पत्र वाचून काढ. तिथं विकतात ते बहुतेक भिंतीवर टांगायचं स्टेनलेस स्टील. जपानी लोहाराचा त्याला हातही लागलेला नसतो.

खऱ्या तलवारीसाठी लागणारं पोलाद शिमाने प्रांतातल्या ओकुइझुमोला आजही जुन्या रीतीनं काढतात. मातीच्या भट्टीत लोहवाळू आणि लाकडी कोळसा तीन दिवस, तीन रात्री घालत राहायचं, मग भट्टी फोडून आतला गोळा बाहेर ओढायचा. त्यातले निवडक तुकडे लोहार तापवतो, दुमडतो, ठोकतो. पाणी देण्याआधी तो पात्याला ओली माती लिंपतो, पाठीकडे जाड आणि धारेकडे पातळ. धार झटकन थंड होऊन कडक होते, पाठ सावकाश निवते आणि चिवट राहते. दोहोंच्या सीमेवर धुक्यासारखी पांढरी रेघ उमटते, तिला हामोन म्हणतात. हे काम शिकायला गुरूकडे किमान पाच वर्षं काढावी लागतात, आणि परवाना मिळाल्यावरही महिन्याला दोनच लांब तलवारी घडवता येतात.

जाणकार मात्र पात्याइतकंच मुठीच्या आत बघतो. जपानी मूठ बांबूच्या खुंटीवर अडकवलेली असते. छोट्या हातोडीनं खुंटी ठोकून काढली की मूठ सुटते आणि पात्याचं शेपूट, म्हणजे नाकागो, उघडं पडतं. त्यावर लोहाराची सही, कानशीचे तिरपे ओरखडे आणि काळपट-तपकिरी गंज. पात्याला तेल लावून जिवापाड जपतात, झिलईसाठी कारागिराकडे आठवडेच्या आठवडे ठेवतात, पण या गंजाला कुणी बोट लावत नाही. तो किती खोल मुरलाय, सहीच्या खाचांत कसा बसलाय, यावरून वयाचा अंदाज बांधतात. नवशिक्यानं पॉलिश पेपर मारला की तलवारीचा दाखलाच गेला. खोट्या सह्याही इतक्या, की अभ्यासाच्या बैठकीत नाकागो झाकूनच पातं हातात देतात. पोलाद पाहून आधी लोहार ओळखायचा, सही नंतर बघायची.

कित्येक जुनी लांब पाती पुढे शेपटाकडून कापून आखूड केली गेली आणि सह्या त्या तुकड्यांबरोबर गेल्या. मग होनआमी घराण्याचे पारखी पातं तपासून निवाडा देत, आणि लोहाराचं नाव नाकागोवर सोन्यानं भरलं जाई.

मराठी सैनिकांची या तलवारींशी गाठ पडली ती दुसऱ्या महायुद्धात. मार्च १९४४ मध्ये मणिपूरच्या सांगशाकला मराठा पलटण जपान्यांशी झुंजली. १९४५ च्या शरणागतीत जपानी अधिकाऱ्यांनी तलवारी स्वाधीन केल्याच पाहिजेत, असा दोस्तांचे सेनापती माउंटबॅटन यांचा आग्रह होता. त्या तलवारींपैकी पुष्कळ कारखान्यात निघालेल्या. पण काही अधिकाऱ्यांनी घराण्यातलं जुनं पातं लष्करी मुठीत बसवून आणलेलं. वरून दोन्ही सारखीच. खुंटी काढल्याशिवाय फरकाची खात्री होत नाही.

आता आपल्याकडचं बघ. नागपूरकर रघुजी भोसल्यांची तलवार राज्य सरकारनं २०२५ मध्ये लंडनच्या लिलावातून सुमारे ४७ लाखांना सोडवून आणली आणि प्रभादेवीच्या पु. ल. देशपांडे अकादमीत लोकांसमोर ठेवली. पातं युरोपीय घडणीचं, आणि त्याच्या पाठीवर मुठीपाशी देवनागरीत सोन्यानं नाव: रघोजी भोसले, सेनासाहेब सुभा. तेवढ्या अक्षरांमुळे मालक कळला.

जपानी लोहाराची सही मुठीच्या आत सुरक्षित राहते. आपल्या तलवारीची मूठ बहुधा राळ-लाखेनं पक्की बसवलेली असते, त्यामुळे नाव, ठसा, सोन्याचं नक्षीकाम सगळं उघड्या पात्यावर येतं. सोनं तर अनेकदा खरवडलेल्या पृष्ठावर दाबून बसवलेला पातळ पत्रा असतो. आणि आपण दर खंडेनवमीला तलवार चिंचेनं, रांगोळीनं, हल्ली तर बफिंगच्या चाकावर लखलखीत करतो! पूजा अवश्य व्हावी. पण त्या घासण्यात किती घराण्यांची नावं पुसली गेली असतील, या विचारानं जीव तुटतो.

तुला संग्रहच करायचा असेल तर त्सुबापासून सुरुवात कर. मूठ आणि पातं यांच्यामधली ही लोखंडी चकती. तिच्यावर लाटा, पक्षी, पानं कोरून काढलेली असतात. १८७६ मध्ये जपाननं तलवार कमरेला लावायला बंदी केली, तेव्हा असं सामान ढिगानं बाजारात आलं. त्सुबाचे स्वतंत्र संग्राहक जगभर आहेत. पातं बाळगणं मात्र तेवढं सोपं नाही: १९५९ चा शस्त्र कायदा आहे, नऊ इंचांहून लांब पात्याला परवान्याचा प्रश्न येतो, तेव्हा आधी वकिलाला विचार. कुठल्याही रविवारी इकडे ये. हार्बरनं सीएसएमटीला जाऊ, छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात शस्त्रांचं दालन आणि टाटा बंधूंच्या संग्रहातल्या जपानी वस्तू सावकाश बघू.

तोवर एक काम कर. तुमच्या गावच्या देव्हाऱ्यातली तलवार यंदा घासायला घेऊ नका, असं काकांना आजच कळव. मऊ कपड्यानं धूळ टिपावी, हलकं तेल लावावं, बस. तू गावी गेलास की तिच्या मुठीजवळच्या चार बोटांवर टॉर्चचा तिरपा उजेड पाडून दोन्ही बाजूंचे आणि पाठीचे फोटो काढ, शेजारी पट्टी ठेवून, आणि मला पाठव.

तुझा,
मामा