दहापैकी दहा

आमच्या आजीला पत्रिका पाहण्याचा नाद आहे. मेणवलीच्या घरी ओसरीवर बसून तिने आजवर किती मुलामुलींचे गुण जुळविले असतील याची गणती नाही. ३६ पैकी १८ जुळले की तिची संमती मिळते. (दोन्हीकडची माणसे तिच्या मनात भरली असतील तर ती सोळालाही अठरा म्हणते, ही गोष्ट निराळी.) त्यामुळे सांगलीच्या माझ्या मावसभावासाठी "दहापैकी दहा जुळणारा दाता पाहिजे" असे मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितल्याचे कळले तेव्हा ती एवढेच म्हणाली, "इतके कुणाचे जुळतात गं?"

मावसभाऊ चौदा वर्षांचा आहे. त्याला रक्ताचा कर्करोग झाला. औषधांनी तो मागे हटला, पण परत येणार हे जवळजवळ ठरलेले. उपाय एकच, दुसऱ्या कुणाच्या रक्त निर्माण करणाऱ्या मूळ पेशी त्याच्या शरीरात रुजविणे. त्या रुजायच्या तर देणाऱ्याच्या आणि घेणाऱ्याच्या पेशींवरील काही खुणा सारख्या असाव्या लागतात. यातली पहिली खूण पॅरिसच्या झाँ दोसे यांनी १९५८ मध्ये ओळखली आणि १९८० मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. या खुणांना एचएलए म्हणतात. त्यांचा निम्मा संच आईकडून येतो, निम्मा वडिलांकडून. त्यामुळे सख्खे भावंड पुरते जुळण्याचा संभव चारात एक. टाटा रुग्णालयात १९८३ साली डॉ. सुरेश अडवाणी यांनी नऊ वर्षांच्या मुलीवर असे रोपण केले, तेव्हा तिचा भाऊच दाता होता. माझ्या मावसभावाला एकच बहीण, आणि ती जुळली नाही. आता घरोघरी एक-दोनच मुले. चारात एक हा हिशेबही पूर्वीच्या भरल्या घरांनाच शोभणारा.

मग परक्याचा शोध सुरू झाला. मी कला शाखेची विद्यार्थिनी. पेशींतले मला काय कळणार? पण काकांच्या वायरच्या पिशवीतील कागद वाचताना माझ्या ध्यानात आले की येथे अडचण रक्ताइतकीच भाषेचीही आहे. एका कागदावर भावाचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव. दुसऱ्यावर आडनाव आधी. तिसऱ्यावर इंग्रजी स्पेलिंगच वेगळे. जन्मतारखेत दिवस आधी की महिना आधी, याचा मेळ नाही. त्याहून वाईट म्हणजे एका प्रयोगशाळेने खुणांचा नुसता गट लिहून दिला होता, पोटभेद लिहिलाच नव्हता. 'ए*०२' एवढे लिहिणे म्हणजे पत्रावर 'मु. वाई' एवढाच पत्ता घालण्यासारखे आहे. त्यातून गणपती आळी की गंगापुरी हे पोस्टमनला कसे कळावे? चाचणी पुन्हा करावी लागली. त्यात पैसे गेले, आणि तीन आठवडे गेले. पैशांचे काका कधी बोलत नाहीत, आठवड्यांचे बोलतात.

वाईच्या माणसाला खरे तर हे समजावून सांगायला नको. याच गावात तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी मराठी विश्वकोशाचा संसार मांडला. १९७६ साली त्याचा पहिला खंड निघाला. कोणत्या वस्तूला कोणता शब्द, हे ठरल्यावाचून दहा जणांनी लिहिलेले एका ग्रंथात नांदत नाही. एचएलएच्या खुणांचीही अशी परिभाषा १९६८ पासून जागतिक आरोग्य संघटनेची एक समिती ठरवीत आली आहे. पूर्वी गटाचे दोन आकडे आणि पोटभेदाचे दोन सलग लिहीत. 'ए*०२' या कुळात भेद इतके सापडत गेले की नव्व्याण्णवाच्या पुढे जागाच उरली नाही, आणि वरकड मंडळींना 'ए*९२' या उसन्या घरात ठेवावे लागले! अखेर २०१० साली मध्ये दोन टिंबे घालण्याचे ठरले. 'ए*०२:०१' असे लिहिले की पुढे आकडे कितीही वाढोत. आज असे नोंदलेले भेद चाळीस हजारांहून अधिक आहेत. दोन टिंबांसाठी जगभरच्या प्रयोगशाळांना आपल्या वह्या बदलाव्या लागल्या.

या एका लिपीमुळेच एका देशाचा रुग्ण दुसऱ्या देशाच्या वहीत शोधता येतो. नेदरलँड्समधील लायडन येथे १९८९ मध्ये आठ नोंदवह्यांतील १ लाख ५५ हजार दात्यांची पहिली एकत्र यादी निघाली. आज तीच यादी दात्यांची जागतिक संघटना सांभाळते आणि तीत चार कोटींहून अधिक नोंदी आहेत. एकच क्रमांक दोन देशांत दोघांना असण्याचा घोटाळा टळावा म्हणून आता प्रत्येक दात्याला १९ अक्षरांचा क्रमांक देतात. पहिली चार अक्षरे संस्थेची, पुढची तेरा दात्याची आणि शेवटची दोन पडताळ्याची. मधला एखादा आकडा चुकला तर ती दोन चुगली करतात.

आणि तरीही मावसभावाला दहापैकी दहा कुणी सापडले नाही. भाषा सिद्ध आहे, पण तीत आपली माणसेच थोडी आहेत. या यादीत युरोपीय वंशाच्या लोकांचा भरणा मोठा. चेन्नईच्या 'दात्री'सारख्या संस्था आपल्याकडे काम करू लागल्या त्या २००९ नंतर. शिवाय पिढ्यान्‌पिढ्या जातीतच सोयरीक करीत आल्यामुळे आपल्या खुणाही लहान लहान वाड्यांत कोंडून राहिल्या आहेत. त्या वाड्यातलेच कुणी यादीत नसेल, तर चार कोटींतून तरी काय सापडणार?

गेल्या पावसाळ्यात रक्तदान शिबिराच्या जोडीने नोंदणी झाली, तेव्हा मी गालाच्या आतून कापसाची काडी फिरवून दिली. सुई नाही, दुखणे नाही. पुढे बोलावणे आलेच तर पाच दिवस इंजेक्शने घ्यायची, मग एका हातातून रक्त यंत्रात आणि दुसऱ्या हातातून परत, असे काही तास पडून राहायचे. आई मात्र दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिचे म्हणणे, "लग्न व्हायचंय तुझं. उद्या कुणी विचारलं, हिच्या अंगातून काय काढलं, तर मी काय सांगू?" मी एकोणीस वर्षांची आहे, सही माझी मला करता येते, पण या प्रश्नाचे उत्तर मला देता आले नाही. तिला ते अजूनही पसंत नाही. आमच्या वर्गातल्या दोन मुलींनी अर्ज भरून नंतर घरच्यांमुळे काडी दिली नाही. मी त्यांना नावे ठेवीत नाही. मात्र रुग्णाची तयारी झाल्यावर ऐन वेळी माघार घेण्यापेक्षा आधीच 'नाही' म्हणणे बरे, असे माझे मत आहे. कारण तोवर रुग्णाचा स्वतःचा मगज औषधांनी संपविलेला असतो.

मावसभावाचे शेवटी पाचावर निभावले. म्हणजे काकांच्याच पेशी दिल्या. वडील निम्मे जुळतातच, आणि निम्म्या जुळणीवर रोपण करण्याची विद्या अलीकडे पुष्कळ सुधारली आहे. सध्या ते दोघे रुग्णालयाजवळ भाड्याच्या खोलीत आहेत. पेशी रुजल्या आहेत. बाकीचे डॉक्टर अजून बोलत नाहीत.

माझी काडी त्याच्या उपयोगाची नव्हती, हे मला देतानाच ठाऊक होते. परवा आजीने विचारले, "ज्याला जुळेल त्याला तुझं नाव सांगतात का?" म्हटले, "नाही, निदान पहिलं वर्षभर तरी नाही." "मग अर्जावर नाव-पत्ता कशाला घेतला?" मी सांगितले, "त्यांना मी सापडावी म्हणून." अर्जावर मी वसतिगृहाचा पत्ता दिला होता. परीक्षेनंतर खोली सोडायची आहे, तेव्हा मेणवलीचा पत्ता आणि काकांचा दूरध्वनी क्रमांक कळविणारे पत्र आजच टाकले.