अक्षरांचा घरचा वेष

अक्षरांनाही पोशाख असतो, असे माझे जुनेच मत आहे. सरकारी पत्रातली अक्षरे कशी गळाबंद कोट घालून बसल्यासारखी! ‘कॉमिक सॅन्स’ हे इंग्रजी अक्षरवळण मात्र सदरा-लेंग्यात वावरते. टोके गोल, रेघा किंचित डुलत्या. कुणी हाताने भराभर लिहावे तशी.

त्याचा जन्मही गमतीचा. १९९४ साली मायक्रोसॉफ्ट घरगुती संगणकासाठी एक प्रोग्रॅम तयार करीत होती. त्यात पडद्यावर एक कुत्रा बोले. पण त्याचे शब्द ‘टाइम्स न्यू रोमन’ या वर्तमानपत्री वळणात! बिचाऱ्याला वकिलाचा झगाच चढवलेला. व्हिन्सेंट कॉनेअर या अक्षरकाराला ते खटकले. जवळची बॅटमॅनची चित्रकथा समोर ठेवून त्याने नवी अक्षरे काढली. कुत्र्याला ती लाभली नाहीत, तोवर उशीर झाला होता. पण पुढे विंडोजबरोबर ती घरोघर गेली. वाढदिवसाच्या आमंत्रणापासून ‘दार लावून घ्यावे’च्या पाटीपर्यंत सगळीकडे तीच!

जाणकारांनी नाके मुरडली. ४ जुलै २०१२ रोजी जिनीव्हाजवळच्या सर्न संस्थेत फॅबिओला जियानोत्ती या विदुषीने हिग्जसदृश नव्या कणाचे पुरावे याच अक्षरांत मांडले, तेव्हा काही जण कण विसरून अक्षरांवरच घसरले. मला बाईंचे कौतुक वाटते. १९६४ पासून ज्याची वाट पाहिली, ते त्यांनी शेजारणीला सांगावे तशा अक्षरांत सांगितले.

नोकरीवरून काढल्याचे पत्र मात्र कुणी या हसऱ्या अक्षरांत धाडू नये बुवा. तिथे कोटाची गुंडी वरपर्यंत लावलेलीच बरी.