मोठ्यानं केलेले हिशेब

आमच्या घरांत हिशेब मोठ्यानं व्हायचा. साठ-सत्तरच्या दशकांत जन्मलेल्या कुणालाही विचारा, आकड्यांचा तो आवाज त्यांच्या कानात अजून असेल. दिवेलागणीला हातपाय धुऊन देवापुढे बसायचं आणि शुभंकरोती झाली की परवचा. तिसापर्यंतचे पाढे, मग पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी. आजोबा रंगात असले तर औटकीसुद्धा, म्हणजे साडेतीनचा पाढा. बारा नव्वे अष्टोदरसे, सतरा आठे छत्तीसासे हे सगळं अर्थ कळायच्या आधीच तोंडात बसलेलं. कुणी अडखळलं की पुढचा आकडा स्वयंपाकघरातून यायचा. आईचे हात कणकेत असायचे, कान मात्र आमच्याकडे.

हे अपूर्णांकांचे पाढे कुणी हौसेनं रचले नव्हते. व्यवहारच तसा होता. रुपयाचे १६ आणे, आण्याचे चार पैसे, पैशाच्या तीन पै. शेराचा अच्छेर, त्याचा पावशेर, त्याचं नवटाक, त्याची छटाक. अर्ध्याचं अर्धं करत खाली उतरत जाणाऱ्या या मापांना पावकी-निमकीशिवाय हातच लावता येत नसे. १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे शंभर नवे पैसे झाले, आणि एका आण्याला सव्वासहा पैसे ही विचित्र किंमत आली. शाळेत आम्ही दशांश शिकलो, पण घरातले मोठे लोक पाऊण रुपयाला बारा आणे आणि अर्ध्या रुपयाला आठ आणेच म्हणत राहिले. चार आण्याचं नाणं तर २०११ च्या जूनअखेर चलनातून गेलं, तोपर्यंत नावासकट टिकून होतं. त्यामुळे आमच्या पिढीच्या डोक्यात दोन्ही गणितं शेजारी शेजारी नांदली. कापडाच्या दुकानात सव्वादोन मीटर म्हटलं की भावाच्या दुपटीत त्याची पावकी मिळवायची, हे आमच्यासाठी श्वासाइतकं सहज होतं.

दुधाचा हिशेब हा तर दर महिन्याचा सोहळा. १९७३ मध्ये कालनिर्णय आलं आणि पुढे घरोघरच्या भिंतीवर गेलं. त्यातल्या एकादशी-चतुर्थीशेजारी आमच्या आयांनी पेन्सिलीनं स्वतःचं एक पंचांग लिहिलं: दुधाचे खाडे, पेपरचे खाडे, इस्त्रीला दिलेले कपडे, नवा सिलिंडर लावल्याची तारीख. महिना संपला की आई कॅलेंडरसमोर उभी राहून बोलायला लागायची. एकतीस दिवस, चार खाडे, राहिले सत्तावीस. रोजचं दीड लिटर. सत्तावीस आणि त्याचे निम्मे साडेतेरा, झालं साडेचाळीस लिटर. भाव समजा सहा रुपये. चाळीस सक दोनशे चाळीस, अर्ध्याचे तीन, दोनशे त्रेचाळीस. दारातला दूधवाला त्याच वेळी ओठ हलवत असायचा आणि दोघांचा आकडा एकदमच पडायचा. गुणाकाराची फोड कशी करायची हे शाळेत शिकवलं असेल. आम्हाला ते कळलं उंबरठ्यावर, या दोघांचं ऐकून.

चौथी-सातवी शिकलेल्या बायका होत्या या. त्यांच्या गणिताला कुणी गणित म्हटलं नाही, याचं मला आजही वाईट वाटतं. वाण्याची यादी करताना ‘यंदा दीडशेच्या आत बसायला हवं’ असं त्या आधीच बोलून ठेवायच्या, आणि बिल आलं की ते दीडशेच्या आसपासच असायचं. किती यायला हवं हे आधी माहीत असणं, म्हणजे अदमास, ही त्यांची खरी विद्या. पाढे हे तिचं साधन. हल्ली पाढ्यांच्या नावानं हळहळणारे पुष्कळ भेटतात, अदमासाची आठवण फारशी कुणी काढत नाही.

मग घरात कॅल्क्युलेटर आला. कुणाचे तरी काका आखातातून सौरपट्टीचा, पातळ, पाकिटात बसणारा कॅसिओ घेऊन यायचे आणि तो कपाटात दागिन्यांच्या डब्याशेजारी राहायचा. पट्टीवर बोट ठेवलं की आकडे पुसट होत जातात, हे आम्ही पुन्हा पुन्हा करून पाहिलेलं आहे. अभ्यासाला तो मिळत नसे. बारावी सायन्सवाल्यांनीही परीक्षेत लॉगटेबलच चाळलं. दुकानांत गल्ल्याशेजारी बारा आकड्यांचे, मोठ्या बटणांचे सिटिझन दिसू लागले, धूळ बसू नये म्हणून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेले. तरी जुना वाणी पुडीच्या कागदावर बेरीज मारायचा आणि यंत्रावर फक्त पडताळून पाहायचा. बेरीज करताना तो ‘हातचे तीन’ असं पुटपुटायचा, म्हणून समोरच्या गिऱ्हाईकालाही ती तपासता येई.

आता हे सगळं फोनमध्ये आहे. शोधायच्या चौकटीत नुसता गुणाकार लिहिला तरी खाली उत्तर हजर. मी ते दिवसातून अनेकदा वापरते आणि मनापासून वापरते. वीज बिलातली युनिटं, सोसायटीचा देखभाल खर्च, भिशीतली वाटणी, यासाठी कागद घेऊन बसायचे दिवस गेले ते बरंच झालं. लिहिलेली सगळी मांडणी पडद्यावर दिसत राहते, हे तर आईला फार आवडलं असतं.

एक गोष्ट मात्र पाहण्यासारखी आहे. पन्नासाचा गूळ आणि चाळीस रुपये किलोची तीन किलो ज्वारी घेतली, असं धरू. फोनवर ५० + ३ × ४० लिहिलं तर उत्तर येतं १७०, कारण तो गुणाकार आधी करतो. दुकानातल्या साध्या यंत्रावर तीच बटणं त्याच क्रमानं दाबली की ते बहुधा २१२० दाखवतं. ते बटण पडेल तसा हिशेब पुढे नेतं: पन्नास अधिक तीन त्रेपन्न, त्रेपन्न गुणिले चाळीस. आपापल्या नियमानं दोन्ही यंत्रं बरोबर आहेत. पण गूळ-ज्वारीचे दोन हजार कधीच होत नाहीत, हे कुठल्याही यंत्राला ठाऊक नसतं. आईला ते पिशवी उचलतानाच ठाऊक असायचं.

आमच्या भावंडांच्या घरांत म्हणून एक रीत पडली आहे. मुलांनी फोन जरूर काढावा, पण आधी अदमास बोलून दाखवायचा, तोही सगळ्यांना ऐकू जाईल असा. गेल्या दिवाळीत फराळाच्या सामानाची यादी झाली तेव्हा जमलेल्या सगळ्यांनी आपापला आकडा सांगितला. धाकट्या भाचीचा उत्तराच्या सर्वांत जवळ होता. कसा काढलास म्हटल्यावर तिनं प्रत्येक भाव जवळच्या दहावर नेऊन, शेवटी जास्तीचे वजा करून दाखवले. दिडकी तिनं कधी ऐकलेली नाही. त्याच संध्याकाळी ताईनं तिला ती म्हणून दाखवायला घेतली, आणि तेवीसच्या पुढे किती यावरून आम्हा मोठ्यांतच जोरात वाद सुरू झाला.