स्वस्त युरियाची महाग गोष्ट



परवा माती परीक्षणाचा अहवाल हातात आला. ओढ्याकडच्या अडीच एकराचा. सेंद्रिय कर्ब 0.38, स्फुरद कमी, जस्त कमी. केव्हीकेतल्या सरांनी कागद बघितला आणि एवढंच विचारलं, "या रानात मागच्या दहा-बारा वर्षांत डीएपी नाहीतर सुपर किती वेळा पेरलं?"

मी गप्प. उत्तर माहीत होतं म्हणून गप्प. 2012 पासून या तुकड्यात युरियाच जास्त पडला. स्फुरद कधी अर्धी बॅग, कधी काहीच नाही. चूक माझीच आहे. पण तिची सुरुवात दिल्लीतल्या एका निर्णयापासून झाली, आणि त्यात आपलाही हात आहे. म्हणून ही नोंद जरा लांबणार.

2004 साली केंद्रात यूपीएचं सरकार आलं. मध्यममार्गी, पण डावीकडं झुकलेलं. पहिली चार वर्षं तर डाव्या पक्षांचा बाहेरून टेकू होता. खेड्यात पैसा गेला पाहिजे हा त्या सरकारचा रोख होता, आणि तो गेलाही, हे मान्य करायला पाहिजे. 2006 ला रोजगार हमी 200 जिल्ह्यांत सुरू झाली, 2008 मध्ये सगळ्या जिल्ह्यांत. त्याच वर्षी कर्जमाफी आली. आधी 60,000 कोटी जाहीर झाले, पुढं आकडा 71,000 कोटींच्या वर गेला.

आमच्या घरात मात्र त्या माफीनं कडू चव ठेवली. पूर्ण माफीला दोन हेक्टरची मर्यादा होती. दादांची जमीन सात एकर, सगळी कोरडवाहू. चुलत्याचं चार एकर बागायत, त्याचं कर्ज पूर्ण फिटलं. आम्हाला काय, तर एकरकमी 75 टक्के भरा, 25 टक्के सोडू. दादा म्हणाले, "दोन एकरानं हुकलो रं." विदर्भ-मराठवाड्यात अशी हुकलेली घरं गल्लोगल्ली होती. पैसा सरकारनं ओतला, पण ज्याला मिळाला तो वर्षभरात विसरला आणि ज्याचा हुकला त्यानं लक्षात ठेवलं.

आता खताकडं येतो. 2008 मध्ये जगाच्या बाजारात खताचे भाव भडकले. डीएपी टनाला 1,000 डॉलरच्या वर गेलं. आपल्या दुकानात मात्र बॅग तेवढ्यालाच, कारण वरचा सगळा भार सरकार उचलत होतं. 2008-09 ला खतावरचं अनुदान 1 लाख कोटींच्या आसपास पोचलं. त्याच वर्षी कर्जमाफी, त्याच वर्षी जगभर मंदी. तिजोरीला भोक पडलं. कुठंतरी हात आखडणं भागच होतं.

मग 1 एप्रिल 2010 पासून पोषणद्रव्यावर आधारित अनुदान आलं. कागदावर विचार चांगला होता. नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, प्रत्येकाला किलोमागं ठरावीक अनुदान. बॅगेचा भाव कंपनीनं ठरवायचा. शेतकरी माती बघून संतुलित खत देईल अशी अपेक्षा.

पण युरिया त्यातून बाहेर ठेवला. त्याचा भाव टनाला 4,830 चा 5,310 केला आणि तिथंच थांबले. पुढं 2012 ला अजून 50 रुपये वाढले. टनामागं 50, बॅगेमागं अडीच रुपये! युरियालाही या योजनेत घ्यायच्या चर्चा झाल्या, पण घेतला नाही. का, ते आपल्याला वेगळं सांगायला नको. युरिया प्रत्येक घरात लागतो. डीएपीचा भाव दहाजणांना माहीत असतो, युरियाचा शंभरजणांना. मतं कुठं आहेत हे पुढाऱ्याला कळतं.

इकडं डीएपी-पोटॅशवरचं अनुदान उतरत गेलं. डीएपीला टनामागं 2011-12 मध्ये 19,763 रुपये होते, ते पुढच्या वर्षी 14,350 झाले. रुपयाही घसरत होता. परिणाम दुकानात दिसला. 50 किलोची बॅग धरून कर सोडून आकडे सांगतो:

डीएपी: 2010 आधी साधारण 468, 2012 ला 1,200 च्या आसपास.
पोटॅश: आधी 223, नंतर 800 च्या वर.
युरिया: आधी 242, नंतर 268.

2012 च्या जूनमध्ये मी दुकानात उभा होतो. पाऊस लांबलेला, कापसाचा भाव आदल्या वर्षीपेक्षा पडलेला, खिशात मोजके पैसे. दुकानदार म्हणाला, "एका डीएपीत चार युरिया येतेत, बघा." मी चार युरिया उचलल्या. गावात बहुतेकांनी तेच केलं. कापूस हिरवागार झाला, लोक बांधावर थांबून बघायचे. मग मावा-तुडतुडे आले, फवारण्या वाढल्या, पाला भरपूर आणि बोंडं मोजकी. त्यात त्या वर्षीचा दुष्काळ. खतात वाचवलेले पैसे औषधात गेले.

हे एकट्या माझ्या रानातलं नाही. देशाचा नत्र-स्फुरद-पालाश वापर 2009-10 ला 4.3:2:1 होता, तो 2012-13 ला 8.2:3.2:1 वर गेला. 4:2:1 हे ढोबळ प्रमाण आहे, प्रत्येक पिकाला आणि जमिनीला लागू नाही, आपल्या काळ्या रानात पालाश बऱ्यापैकी असतं, हे सगळं कृषीवाले मित्र सांगतील आणि ते बरोबरच आहे. पण तीन वर्षांत एवढा फरक पिकाच्या गरजेनं पडत नसतो. तो भावानं पडला.

आता माझी कबुली. त्या वर्षी डीएपीच्या भाववाढीविरोधात तहसीलवर मोर्चा निघाला. मीही गेलो होतो, पुढच्या रांगेत. एक पुढारी माईकवर म्हणाला, "युरियाला हात लावाल तर याद राखा." सगळ्यात जोरात टाळ्या मी वाजवल्या. युरियात थोडे वाढवून तेच पैसे डीएपीत टाका, असं आमच्यातला एकही माणूस बोलला नाही. बोलला असता तर आम्ही त्यालाच खाली बसवला असता. सरकार आम्हाला भीत होतं, आणि आमचा राग होता तो अर्ध्याच गोष्टीवर.

2009 ला 206 जागा जिंकलेली काँग्रेस 2014 ला 44 वर आली. ते खतामुळं झालं असं मी म्हणणार नाही. महागाई होती, घोटाळ्यांचे आरोप होते, कितीतरी कारणं. पण युरियाचा भाव गोठवून त्यांची खुर्ची वाचली नाही, हे तर दिसलं. दुखणारा निर्णय अर्धाच घेतला. शिव्या पुऱ्या खाल्ल्या आणि माती बिघडली ती वेगळी.

सरकार बदललं. युरियाला नीमचा लेप आला, बॅग 50 ची 45 किलोची झाली, पण भाव 266 रुपये 50 पैसे. डीएपी 1,350. 2021 ला डीएपी भडकलं तेव्हा या सरकारनंही अनुदान वाढवून बॅग 1,200 वर धरली. युरियाला हात लावायची हिंमत अजून कुणाची नाही. ती आपण होऊ देत नाही, हे खरं दुखणं.

या खरिपात ओढ्याकडच्या तुकड्यात मी असं करणार आहे. कोरडवाहू बीटी कापसाला हेक्टरी 120:60:60 ची शिफारस, म्हणजे एकरी 48:24:24. त्यासाठी पेरणीबरोबर डीएपीची एक बॅग, पोटॅश 40 किलो, आणि युरिया एकरी 85 किलोच्या आत, दोन हप्त्यांत, ओल बघून. जस्त अहवालाप्रमाणं. शेणखत जमेल तेवढं. दादा म्हणतात, "एवढं महाग खत कोरडवाहूला?" मी अहवाल दाखवला. त्यांनी चष्मा लावून वाचला आणि म्हणाले, "मग एक एकर तसंच ठेव. बघू तरी."

तसं एक एकर ठेवतोय. वेचणीला दोन्हीकडचं वजन इथंच टाकीन. आणि कुणाकडं 2010 आधीची खताची पावती जपून ठेवलेली असेल तर फोटो पाठवा. आमच्या घरातली उंदरांनी खाल्ली.